रक्त शिस्तीत सांडत नाही

डायलिसिस विभागात बारा खुर्च्या होत्या, बारा यंत्रं होती आणि एक मामा होते. खुर्च्या दोनदा बदलल्या, यंत्रं तीनदा बदलली, डॉक्टर तर किती आले आणि गेले याचा हिशेब कुणी ठेवला नाही. मामा तेवढे तेवीस वर्षं तेच राहिले. त्यांच्या कागदावरच्या पदाचं नाव सफाई कर्मचारी असं होतं. ते नाव फक्त कागदालाच माहीत होतं.

मामा पुसायचे. सगळेच पुसतात, पण मामांचं पुसणं म्हणजे एक हस्ताक्षर होतं. फडक्याच्या आठ घड्या. एका घडीने एकच वस्तू, मग घडी उलटायची. आठ संपल्या की फडकं बादलीत, दुसरं हातात. वरून सुरुवात करायची, डावीकडून उजवीकडे, मग थोडं खाली उतरून उजवीकडून डावीकडे, असं नागमोडी शेवटपर्यंत जायचं. गेलेल्या वाटेने परत यायचं नाही. परत आलं की उचललेली घाण आपणच पुन्हा नेऊन ठेवतो, हे त्यांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एका प्रशिक्षणात सांगितलं होतं. बाकीच्यांनी ते त्या दुपारच्या चहाबरोबर पिऊन टाकलं. मामांनी मनावर घेतलं.

या विभागात पुसण्याला किंमत का, हे समजायला फार शिकावं लागत नाही. ज्यांची मूत्रपिंडं कामातून गेली आहेत अशी माणसं इथे आठवड्यातून तीनदा येतात. त्यांचं रक्त एका नळीतून यंत्रात जातं, स्वच्छ होतं आणि दुसऱ्या नळीतून परत येतं. चार तास हे चालतं. माणसाचं रक्त इतका वेळ अंगाबाहेर फिरायला निघालं की एखादा थेंब वाट चुकणारच. दिसणारा थेंब कुणीही पुसतो. मामांचं वैर न दिसणाऱ्या थेंबाशी होतं.

चार नंबरच्या खुर्चीवर मास्तर बसायचे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पाळी. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी शाळा अंगातून गेली नव्हती. सगळ्या जगाला ते अरेतुरे करत. डॉक्टरांनाही, कारण डॉक्टर एके काळी त्यांच्याच वर्गात मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघत असत, आणि मास्तरांनी हे विभागातल्या प्रत्येकाला निदान दोनदा सांगितलं होतं.

"मामा, तू पुसतोस की सही करतोस रे?" मास्तर विचारायचे.

"सहीच समजा."

"मग खाली तारीख पण टाकत जा."

मामा मान न वळवता घडी उलटायचे. सात वर्षं दर वेळी तोच विनोद आणि दर वेळी तेच उत्तर. या दोघांमधल्या स्नेहाला आणखी पुरावा लागत नव्हता.

दर तीन महिन्यांनी सगळ्या रुग्णांचं रक्त तपासलं जाई. या वेळी बाकी सगळ्यांचे अहवाल मागच्यासारखेच आले. मास्तरांच्या अहवालात मात्र हिपॅटायटिस सी नव्याने निघाला, जो विभागातल्या दोघांना आधीपासून होता. रक्तातून पसरणारा, यकृताला धरणारा आजार. तीन महिन्यांपूर्वीच्या अहवालात नव्हता, आणि मधल्या काळात मास्तर या खोलीखेरीज कुठेही सुई टोचून घ्यायला गेले नव्हते. म्हणजे तो इथेच आला होता, या बारा खुर्च्यांच्या मधून, कुणाच्या तरी थेंबावर बसून.

शोध सुरू झाला. कुठल्याही कचेरीतला शोध पाण्यासारखा असतो, उतार सापडला की खाली वाहतो. डॉक्टरांनी मोठ्या सिस्टरकडे पाहिलं. मोठ्या सिस्टर म्हणजे विभागाच्या प्रमुख परिचारिका, ज्यांच्या नजरेने नवख्या मुलींच्या हातातल्या सुया सरळ होत. त्यांनी यंत्रं सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाकडे पाहिलं. तंत्रज्ञाने यंत्राकडे पाहिलं आणि मग, यंत्र बोलत नाही हे लक्षात आल्यावर, बादलीकडे. बादलीच्या पलीकडे मामा उभे होते. त्यांच्या पलीकडे कुणी नव्हतं.

"अंदाज नको. आपण पुरावा पाहू," डॉक्टर म्हणाले. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. उत्साही होते, आणि उत्साही माणूस कधीकधी वाईट माणसापेक्षा जास्त धावपळ करून ठेवतो. त्यांनी ल्युमिनॉल नावाचं रसायन मागवलं. पिवळसर पूड, बरोबरच्या द्रावणात कालवायची आणि फवारायची. जिथे रक्ताचा अंश असेल तिथे, त्या रक्तातल्या लोहामुळे, अंधारात निळा उजेड पडतो. पोलीस हेच वापरतात. धुतलेल्या, पुसलेल्या, डोळ्यांना अजिबात न दिसणाऱ्या रक्तालाही ते बोलतं करतं.

"शनिवारी शेवटची पाळी झाली की रोजच्यासारखं पुसून घ्या," त्यांनी सगळ्यांना बजावलं. "मग कुलूप. रविवारी सकाळी नऊ वाजता मी येईपर्यंत कुणीही, कशालाही, हात लावायचा नाही. ऐकलंत ना मामा?"

"ऐकलं."

ऐकलं होतं, यात खोटं काही नव्हतं.

रविवारी पहाटे मामा पाचला उठले. नुसती नजर टाकून येऊ, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. किल्ली त्यांच्याकडेच असायची. सहा वाजता ते विभागात पोचले, दिवे लावले आणि नजर टाकली. तीन नंबरच्या खुर्चीच्या हातावर धुळीची एक पुसट रेघ होती. एवढी एक पुसू, म्हणून त्यांनी पुसली. आता तीन नंबर इतकी चकचकीत दिसू लागली की दोन आणि चार तिच्यापुढे मळकट वाटायला लागल्या. त्या पुसल्या. मग न्यायाने बाकीच्यांनाही पुसणं आलं. एवढं करतोच आहोत तर नेहमीच्या प्रमाणात कशाला, म्हणून त्यांनी बादलीत ब्लीच दुप्पट घातलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बाराच्या बारा खुर्च्या, बारा यंत्रं, ट्रॉल्या, कठडे सगळं पुसलं, आठ घड्यांनी, नागमोडी. परीक्षेच्या दिवशी मुलाला दुसऱ्यांदा आंघोळ घालणाऱ्या आईसारखे ते समाधानाने कुलूप लावून बाहेर बाकावर बसले.

नऊ वाजता खिडक्यांना कचऱ्याच्या काळ्या पिशव्या चिकटवल्या. दारं लावली, दिवे घालवले. ब्लीचचा वास होता, पण तो या खोलीला रोजचाच होता. भर सकाळी खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा काळोख झाला. डॉक्टरांच्या हातातल्या बाटलीचा फस्स फस्स आवाज ऐकू आला.

आणि खोली पेटली.

निळी. गॅसच्या मंद ज्योतीसारखी निळी. पहिली खुर्ची, दुसरी, तिसरी, जिथे बाटली फिरली तिथे उजेड उठत गेला. कठडे उजळले, यंत्रांच्या कडा उजळल्या. मामांच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की किती सुंदर. दुसऱ्या क्षणी त्यांना आठवलं की हा उजेड कशाचा आहे.

"अगं बाई!" मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

तंत्रज्ञाने तेवढ्यात स्टँडवर फोन लावून फोटो काढले. डॉक्टरांनी बाटली खाली ठेवली. मग दिवा लागला आणि सगळ्यांच्या नजरा जिथे जायच्या तिथे गेल्या.

"मामा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "हे काय हो?"

मामा पहिल्या खुर्चीपाशी गेले आणि तिच्या हातावरून बोट फिरवून पाहिलं. बोट नुसतं ओलं झालं.

त्यांना कुणी ओरडलं नाही, कामावरून काढलं नाही. फक्त 'तात्पुरतं' म्हणून तळमजल्यावरच्या धुलाईघरात हलवलं. एका बाहेरच्या तज्ज्ञ बाई शुक्रवारी येणार होत्या, त्या काय म्हणतील त्यावर पुढचं ठरणार होतं. धुलाईघरात मामा चादरींच्या घड्या घालत बसले. घड्या अर्थातच आठ.

घरी ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. मंगळवारी संध्याकाळी बायकोने ताट पुढून उचललं आणि समोर बसली.

"अहो, आता बोला, नाहीतर मी तुमच्या मोठ्या सिस्टरना फोन लावते."

धमकी योग्य जागी लागली. मामांनी सगळं सांगितलं, पहाटेच्या पुसण्यासकट.

ती बघतच राहिली. "म्हणजे घरात एक नळ दुरुस्त करा म्हटलं तर महिना जातो. आणि तिथे करू नका म्हणून सांगितलेलं काम तुम्ही पहाटे पाचला उठून करता?"

"वाटलं, जरा बरं दिसेल."

"मग हे डॉक्टरांना सांगा ना!"

"काय सांगू? तुम्ही हात लावू नका म्हणालात आणि मी लावला? आधीच एक गुन्हा डोक्यावर, त्यात स्वतःहून दुसरा नेऊन ठेवू?" ते थांबले. मग जे खरं खुपत होतं ते बाहेर आलं. "आणि नीट विचार कर. शनिवारी एकदा पुसलं. रविवारी परत पुसलं, दुप्पट औषध घालून. तरी एवढं रक्त राहिलं. एकदा पुसून राहिलं असतं तर चूक म्हटली असती. दोनदा पुसून राहतं म्हणजे हा हातच..." त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे दुसऱ्याची वस्तू असावी तसं पाहिलं. "याच हाताने मास्तरांची खुर्ची पुसतो मी. सात वर्षं."

बायकोने ताट परत पुढे ठेवलं. "त्या हाताने आधी जेवा," ती म्हणाली.

बुधवारी मास्तरांनीच त्यांना गाठलं. पाळी संपल्यावर चाकाच्या खुर्चीतून घरी न जाता त्यांनी मुलाला हुकूम सोडला की मला खाली धुलाईघरात ने. मुलगा चाळिशीचा होता आणि हुकूम पाळण्याची त्याला सवय होती. त्याने खुर्ची आत ढकलली आणि दोघांना बोलू द्यावं म्हणून बाहेर जाऊन उभा राहिला.

"इथे लपलास होय?"

"लपलो नाही मास्तर. हलवलंय मला."

"माझ्या खुर्चीवर आता एक नवा माणूस आलाय. गोल गोल पुसतो. बघून मला चक्कर येते."

मामा चादरीची कड जुळवत राहिले. कड आधीच जुळलेली होती.

"इकडे बघ," मास्तर म्हणाले. वर्गातला आवाज. मामांनी पाहिलं. "तुझ्यामुळे झालं असं वाटतं तुला?"

मामांनी उत्तर दिलं नाही. मास्तरांनी आयुष्यभर उत्तर न देणारी मुलं पाहिली होती. कुठल्याला येत नाही म्हणून ते गप्प आहे आणि कुठल्याला येतं तरी गप्प आहे, हे त्यांना अचूक कळे. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. मुलाला हाक मारली आणि निघून गेले. ते रागावले की दमले, हे मामांना पुढच्या सोमवारपर्यंत कळलं नाही.

शुक्रवारी तज्ज्ञ बाई आल्या. ठेंगणा बांधा, चष्म्याला दोरी, झिजलेले बूट. पंचवीस वर्षं पोलिसांच्या प्रयोगशाळेत काढून आता सल्ला देत फिरत होत्या. रुग्णालयात पाऊल ठेवल्यापासून दहा मिनिटांत त्यांना रसायनबाई हे नाव पडलं आणि त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्या त्यावर एकदा हसल्या. डॉक्टर, मोठ्या सिस्टर, तंत्रज्ञ आणि बोलावणं धाडून आणलेले मामा, असे सगळे विभागाशेजारच्या छोट्या खोलीत बसले. मामा बसले नाहीत, भिंतीला टेकले.

रसायनबाईंनी तंत्रज्ञाच्या फोनवरचे फोटो एकेक करून मोठे केले. बराच वेळ पाहिले.

"छान रंगवलीय खोली," त्या म्हणाल्या. "कुणी?"

कुणाला कळलं नाही.

"हे बघा डॉक्टर. ही खुर्ची. उजेडाचे पट्टे बघा. डावीकडून उजवीकडे, मग खाली, मग उजवीकडून डावीकडे. ही दुसरी खुर्ची, तसंच. हे यंत्र, तसंच. कुठेही एकावर एक पट्टा चढलेला नाही." त्यांनी चष्मा काढला. "मी खूप रक्त पाहिलंय. रक्त उडतं, ओघळतं, बोटाला लागून भलतीकडे जातं. ते इतक्या शिस्तीत सांडत नाही."

मोठ्या सिस्टर हळूहळू मामांकडे वळल्या. तो नागमोडी पट्टा विभागात सगळ्यांच्या ओळखीचा होता.

"तुम्हीच का ते?" रसायनबाईंनी विचारलं. "हे टेबल पुसून दाखवता?"

मामांनी खिशातून फडकं काढलं. इतक्या दिवसांतही ते तिथे होतंच. आठ घड्या केल्या आणि टेबल पुसलं. रसायनबाईंनी फोटो उघडलेला फोन टेबलावर ठेवला. मूळ आणि नक्कल शेजारी शेजारी.

"ल्युमिनॉलला रक्त ओळखता येत नाही," त्या म्हणाल्या. "ते बिचारं एवढंच जाणतं की आपल्याला कुणीतरी चेतवलं. रक्तातलं लोह चेतवतं. गंज चेतवतो, तांबं चेतवतं. आणि सगळ्यात जोरात चेतवतं ते ब्लीच. फरक इतकाच, की ब्लीचचा उजेड भसकन येतो आणि झटकन विझतो. रक्ताचा दमाने येतो आणि टिकतो. तुमचा किती टिकला?"

डॉक्टरांनी तंत्रज्ञाकडे पाहिलं. तंत्रज्ञाने या वेळी कुणाकडे पाहिलं नाही. "लगेच गेला," तो म्हणाला. "मला वाटलं औषध कमी पडलं."

"पण शनिवारी संध्याकाळचं ब्लीच रविवारी नऊपर्यंत वाळून पुष्कळ निवतं. त्याला इतका जोर राहत नाही." रसायनबाईंनी चष्मा परत लावला आणि मामांकडे पाहिलं. "सकाळी कोणीतरी आलं होतं."

आता ते सांगणं आलं. आपली सुटका ज्यात आहे ते आणि आपली लाज ज्यात आहे ते एकाच पिशवीत आहे, आणि पिशवी सगळ्यांसमोर उलटी करायची आहे.

"मी आलो होतो," मामा म्हणाले.

"मामा!" मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले.

"हो."

"किती वाजता आलात?" हे रसायनबाई.

"सहा."

"काय काय पुसलं?"

"सगळं."

"ब्लीच नेहमीइतकंच?"

मामांनी फडकं खिशात घातलं. "दुप्पट."

रसायनबाईंनी वहीत नोंद केली. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, ते त्यांनी वहीत लपवलं. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "ब्लीच चालत नाही हे बाटलीबरोबरच्या कागदावर सहाव्या ओळीत छापलेलं असतं."

"कागद मी वाचला होता," डॉक्टर म्हणाले. मग प्रामाणिकपणे, "पाचव्या ओळीपर्यंत."

मागचा बाक माणसाला इतक्या सहज सोडत नाही.

मामांना एकदम मोकळं वाटायला हवं होतं. वाटायला लागलंही, पण रसायनबाईंनी हात वर केला. "थांबा. याचा अर्थ रक्त नव्हतं असा होत नाही. याचा अर्थ एवढाच, की तुम्ही काही पाहिलंच नाही. ब्लीचच्या झगमगाटात खरा थेंब असला तरी दिसला नसता. परत पाहावं लागेल." त्यांनी अटी घातल्या. आजपासून ब्लीच बंद. सगळं साध्या पाण्याने दोनदा धुवायचं, मग ल्युमिनॉलला न चेतवणारं दुसरं जंतुनाशक वापरायचं, ते त्यांनी आणलं होतं. आणि पुसायचं मामांनीच. परीक्षा त्यांच्या हाताची आहे तर हात त्यांचाच हवा. शनिवारची शेवटची पाळी संपली, शेवटचं पुसणं झालं, की किल्ली रसायनबाईंच्या पर्समध्ये.

ते नवं औषध पाण्यासारखं होतं. फेस नाही, डोळ्यांची आग नाही. मामांनी बाटली नाकाशी नेली.

"याला वासच नाही," ते मोठ्या सिस्टरना म्हणाले.

"मग?"

"मग ते काम करतंय हे कळायचं कसं?"

"विश्वासाने," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्या मघापासून जरा मऊ बोलत होत्या आणि त्याची दोघांनाही सवय नव्हती.

शनिवारी संध्याकाळी मामांनी पुसलं. किल्ली दिली. रात्रभर त्यांच्या डोळ्यांसमोर तीन नंबरच्या खुर्चीचा हात येत राहिला. रविवारी पहाटे पाचला ते उठून बसले तेव्हा बायको म्हणाली, "किल्ली नाहीये तुमच्याकडे. झोपा." ते झोपले नाहीत, पण गेलेही नाहीत. त्यांच्या स्वभावाच्या माणसाला हे पुष्कळ होतं.

नऊ वाजता पुन्हा काळ्या पिशव्या, पुन्हा काळोख. या वेळी बाटली रसायनबाईंच्या हातात होती आणि फवारा बारीक, धुक्यासारखा. मामा दाराशी उभे होते. त्यांना बाटलीचा आवाज ऐकू येत होता आणि पुढचं सगळं त्या आवाजावर मोजायचं होतं.

"एक नंबर," रसायनबाई म्हणाल्या. फस्स. अंधार.

"दोन." अंधार.

"तीन." अंधार. तीन नंबरचा हातसुद्धा.

"चार."

बाटली या वेळी जास्त वेळ वाजली. पाठ, दोन्ही हात, हातांची खालची बाजू, पाय ठेवायची पट्टी. मामांना मास्तरांचा चेहरा आठवला, 'इकडे बघ' म्हणतानाचा. ते बघत होते. काही दिसत नव्हतं. डोळे फाडफाडून बघूनही काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"चार नंबर स्वच्छ," रसायनबाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

सात नंबरच्या चाकापाशी एक ठिपका लुकलुकला. रसायनबाईंनी तिथे वाकून नखाने खरवडलं. "गंज," त्या म्हणाल्या. "तेल घाला." बाराव्या खुर्चीपर्यंत अंधारच होता. यंत्रांवर अंधार, ट्रॉल्यांवर अंधार. मामांना आयुष्यात अंधाराचं इतकं कौतुक कधी वाटलं नव्हतं.

मग रसायनबाई दाराजवळच्या टेबलाकडे आल्या. तिथे नोंदवही असे. प्रत्येक रुग्णाचं वजन, रक्तदाब, वेळ, सही. वहीला दोरीने एक पेन बांधलेलं होतं आणि शेजारी चिकटपट्टीचं भेंडोळं, ज्याच्यातून सिस्टर सुई पक्की करायला तुकडे फाडून नेत. फस्स.

पेन उजळलं.

दमाने, आतून उगवावं तसं. त्याची दोरीही उजळली, आणि भेंडोळ्याची कड. बोटं जिथे जिथे धरतात नेमकी तिथेच. सगळे विझण्याची वाट पाहत राहिले. उजेड विझला नाही.

त्या निळ्या प्रकाशात डॉक्टरांची बोटं नकळत एकमेकांवर घासली गेली. हातमोजे घालून सुई काढायची, मग त्याच हातमोज्यांनी पेन उचलून वेळ लिहायची, आणि पुढच्या खुर्चीकडे जाताना पट्टीचा तुकडा फाडायचा. घाईत सगळ्यांनीच केलं होतं. त्या सगळ्यांमध्ये मामा नव्हते. ते कधी काही लिहीत नसत.

"प्रयोगशाळेत खात्री करून घेऊ," रसायनबाई म्हणाल्या. "पण हा टिकून आहे, एवढं आत्ता पुरे."

दिवा लागला. पेन पुन्हा साधं पेन झालं.

"सफाईच्या यादीत हे कुणाकडे आहे?" डॉक्टरांनी विचारलं. भिंतीवर यादी होती, एक्केचाळीस वस्तूंची. खुर्ची, कठडा, यंत्र, दाराची मूठ, दिव्याचं बटण. पेन नव्हतं.

"मामा, तुम्ही टेबल पुसताना..." तंत्रज्ञाने सुरुवात केली.

"मीच सांगितलं होतं त्यांना," मोठ्या सिस्टर मध्येच म्हणाल्या. "पंधरा वर्षं झाली असतील. वही उचलून पुसली आणि एक सही पुसट झाली. मी म्हटलं, लिहिण्याच्या वस्तूंना हात लावायचा नाही." त्यांनी भिंतीवरच्या यादीकडे पाहिलं. "त्यांनी ऐकलं. एवढी एकच गोष्ट ऐकली असावी."

कुणीतरी हसलं. बहुधा मामाच. ते मागे सरकले आणि जे पहिलं हाताला लागलं त्यावर बसले. ती चार नंबरची खुर्ची होती. तेवीस वर्षांत मामा या खोलीतल्या कुठल्याही खुर्चीवर कधी बसले नव्हते. त्यांनी डोकं मागे टेकलं, डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. खुर्ची मऊ होती हे त्यांना आजच कळलं. मोठ्या सिस्टरनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. दोन मिनिटांनी मामा उठले, खिशातून फडकं काढलं आणि बसलेली जागा पुसली.

निघताना रसायनबाई दाराशी त्यांच्यापाशी थांबल्या. "मास्तरांचा अहवाल ज्या यंत्रातून आला ना, त्यातही असाच उजेड मोजतात. रक्ताच्या थेंबाला रसायन लावायचं आणि उजेड किती पडतो ते बघायचं. तिथे सुदैवाने कुणी पहाटे येऊन ब्लीच घालत नाही." मामांनी खाली पाहिलं. "पण तुमचा हात चांगला आहे," त्या म्हणाल्या. "फोटोत तर फारच."

त्या दुपारी मामा घरी जाऊन जे झोपले ते संध्याकाळी पाचला उठले. बायकोने त्यांना एकदाही हाक मारली नाही. उठल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला.

सोमवारी सकाळी मास्तर आले. मधल्या काळात त्यांची औषधं ठरली होती, रोज एक गोळी, बारा आठवडे, आणि डॉक्टरांनी स्वतः येऊन सांगितलं होतं की हा आजार आता बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. ते सांगताना डॉक्टर ताठ उभे होते, मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे शाळेत कधी राहिले नव्हते तसे.

चार नंबरची खुर्ची पुसून मामा वाट पाहत होते.

"सुटलास म्हणे," मास्तर बसता बसता म्हणाले.

"सुटलो मास्तर." मग जे विचारायचं होतं ते. "त्या दिवशी तुम्ही काही न बोलता गेलात."

"मग काय बोलू? नाही रे, तुझ्यामुळे नाही, असं? मला तरी काय ठाऊक होतं?" मास्तरांनी बाही वर केली. "खोटा धीर दिलेला तुला चालला नसता. आणि खरं सांगू? शंका मलाही आली होती. पण त्याहून जास्त भीती वाटली की तो गोल गोलवाला कायमचा येतो की काय."

मामा हसले. सिस्टरने सुई लावली, यंत्र सुरू झालं. मग सुई लावलेल्या हातमोज्यांसकट ती टेबलाकडे वळली, मध्येच थांबली, हातमोजे काढून टाकले, हात धुतले आणि वेळ लिहिली. भिंतीवरच्या यादीत आता बेचाळिसावी ओळ होती. वजनाच्या रकान्यात मास्तरांची सही राहिली होती, तेव्हा त्यांनी पेन मागितलं. दोरी काढून टाकली होती. मामांनी ते उचललं, फडक्याची नवी घडी उलटली आणि पुसलं, टोकापासून टोपणापर्यंत, एवढ्याशा जागेत जमेल तितकं नागमोडी, गेलेल्या वाटेने परत न येता.

मास्तर हात पुढे करून थांबले होते.

"पेनच आहे रे ते," ते म्हणाले. "दे आता. तारीख पण टाकायचीय."